परसबागेचा ऋतुक्रम आणि तींतील जुनीं-नवीं झाडें

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी, महजर आणि दप्तरांतील रुमाल हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आणि तें योग्यच आहे. परंतु घराच्या मागील दारीं चार हात जमिनींत आपण जी भाजी व जीं फुलें लावतों, तींही एक प्रकारचें साधनच होत, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्याही ती आली नव्हती. चौतीस वर्षें शाळेंत संस्कृत व मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर हिंगोली जिल्ह्यांतील आमच्या घराच्या परसांत आम्ही वाफे पाडूं लागलों, तेव्हां मनांत केवळ विरंगुळ्याचा हेतु होता. पुढें एक प्रसंग असा घडला कीं, त्या वाफ्यांकडे आम्हांस निराळ्या दृष्टीनें पाहणें भाग पडलें.

सावता माळी यांची पुण्यतिथि आषाढ वद्य चतुर्दशीस येते. त्या दिवशीं आमच्या शेजारीं भजन असतें. मळ्यांतील भाज्यांतच विठ्ठल पाहणारा त्यांचा सुप्रसिद्ध अभंग चालला असतां आमची नात परसांतून ओंजळभर हिरव्या मिरच्या तोडून घेऊन आली आणि कानाशीं लागून म्हणाली, "आजोबा, मिरची पोर्तुगीजांनीं आणली असं आमच्या पुस्तकांत आहे. मग सावता महाराजांच्या मळ्यांत ती कुठून आली?" सदरहू अभंगांत मिरचीचें नांव येतें, हें आम्हांस अर्थातच पाठ होतें. सावतोबांची समाधि शके १२१७ ची, म्हणजे इ. स. १२९५ ची, हेंही आम्ही दरसाल फळ्यावर लिहीत आलों होतों. कोलंबस अमेरिकेस पोंचला १४९२ मध्यें व वास्को द गामा कालिकतास उतरला १४९८ मध्यें, हें तर शाळेंतील मुलेंही जाणतात. हीं तीन सनें आम्हीं चौतीस वर्षांत एकदांही शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं नाहींत!

मुलीचा प्रश्न भजनी बुवांच्या कानीं गेला. बुवा ऐंशी ओलांडलेले, जन्माचे वारकरी. टाळ खालीं ठेवून ते म्हणाले, "गुरुजी, मग अभंग खोटा म्हणायचा का?" त्या दिवशीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधण्यासाठीं वर्षभर परसांतील एकेक झाड आम्हीं विचारपूर्वक पाहिलें. त्याचेंच हें टिपण होय.

१. जागा

परसबाग हा शब्दच मुळीं कलमी आहे. परस आपला, बाग हा फारसीचा. वस्तु मात्र कोणत्याही फारसी शब्दाहून जुनी आहे. जुन्या कागदपत्रांत गांवाचे काळी व पांढरी असे दोन भाग वारंवार येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, व पांढरी म्हणजे वस्तीची जागा. वस्तींत मातीच्या भिंती पडतात व त्यांवरच नव्या उठतात. चुलींतील राख, गोठ्यांतील शेण, खापरें, हाडकें हीं सर्व तेथेंच जिरतात. त्यामुळें तेथील माती फिकी, भुसभुशीत व राखाळ होते. प्राचीन वस्तीचीं टेकाडें उत्खनन करणारे लोक या पांढरीवरूनच ओळखतात. आणि शेतकरी तीच माती शेतास खत म्हणून व माळवदावर घालण्यास वाहून नेतात. परस हें बहुधा पांढरीवर असतें. तेथें भाजी चांगली येते, तिचें कारण मालकाच्या कौशल्यापेक्षां मागील वीस पिढ्यांच्या राखेंत अधिक आहे.

ज्यांचीं घरें गांवाबाहेर नव्या वसाहतींत, म्हणजे काळीवर, उभीं आहेत त्यांची अडचण निराळी. कयाधू व पूर्णा यांच्या खोऱ्यांतील काळी माती पावसांत फुगते, पाणी धरून ठेवते व मुळ्या कुजवते. उन्हाळ्यांत तिला हात जाईल अशा भेगा पडतात. अशा जागीं वाफा जमिनीच्या सपाटीस ठेवूं नये. तो वीतभर उंच करावा, त्यांत कुजलेलें शेणखत व राख मिसळावी, आणि दोन वाफ्यांमधून पाणी निघून जाण्यास चर ठेवावा. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाध्यायांत यापूर्वींचा एक संस्कार सांगितला आहे. जमिनींत प्रथम तीळ पेरावे व ते फुलावर आले म्हणजे तेथेंच तुडवून जिरवावे. ताग पेरून गाडण्याची शिफारस आज कृषिखातें करतें. तिचें तत्त्व हेंच आहे.

परसाचें आणखी एक लक्षण असें कीं, तें हातानें खणलें जातें. तेथें नांगर चालत नाहीं. भाद्रपदांतील ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचें कांहीं खावयाचें नाहीं असा नियम आहे. त्या दिवशींची भाजी म्हणजे मुळांत परसांतली भाजी. नांगरापूर्वींच्या कुदळीच्या शेतीची आठवण या व्रतांत राहिली असावी, असें आमचें मत आहे.

२. काळ

पेरणीचा काळ तिथीनें सांगत नाहींत, नक्षत्रानें सांगतात. आणि त्यांत मोठी व्यवहारबुद्धि आहे. तिथि चंद्राची, ती ऋतूच्या मानानें वर्षास अकरा दिवस मागें येते व अधिक मासानें पुन्हां पुढें जाते. पावसाचीं नक्षत्रें सूर्याचीं. तीं दरसाल जवळजवळ त्याच तारखेस लागतात. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, हस्त सप्टेंबरच्या २६-२७ ला. म्हणून माळ्यास पंचांग उघडावें लागत नाहीं.

परंतु येथेंही एक सूक्ष्म भेद आहे. अयनचलनामुळें सूर्याचा नक्षत्रप्रवेश सुमारें ७१-७२ वर्षांत एक दिवस पुढें सरकतो. नामदेवांचा जन्म १२७० चा. आमच्या जिल्ह्यांतील नरसी हें गांव त्यांचें जन्मस्थान मानलें जातें. त्यांच्या काळीं मृग ऋतूच्या मानानें आजच्यापेक्षां सुमारें दहा दिवस अगोदर लागत असे. वराहमिहिराच्या काळीं तो सुमारें तीन आठवडे अगोदर लागे. म्हणजे नांव तेंच राहिलें, आणि त्या नांवाखालील वस्तु हळूहळू सरकली. हें वाक्य वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें परसांतील झाडांच्या बाबतींत तें पुन्हां पुन्हां उपयोगी पडणार आहे.

पाणी केव्हां द्यावें याचा नियमही वराहमिहिरानें तिन्ही ऋतूंस सांगितला आहे: उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ, थंडींत एक दिवसाआड, आणि पावसाळ्यांत जमीन सुकेल तेव्हांच. दीड हजार वर्षांनंतर त्यांत बदल करण्याचें कारण आम्हांस आढळलें नाहीं.

३. पावसाळा

वेलींचीं आळीं अक्षय्य तृतीयेस खणून ठेवावीं, त्यांत शेणखत भरावें आणि मृगाचा पहिला पाऊस मुरल्यावर बी टोकावें. दुध्या भोपळा, दोडका, कारलें, काकडी, कोहळा, वाल हा वेलींचा परिवार होय. वांगें व मिरची यांचें बी मृगांत वाफ्यांत टाकून पांच-सहा आठवड्यांचीं रोपें झालीं म्हणजे पुनर्वसु-पुष्यांत लावावीं. भेंडी व गवार जागींच पेरावी. हळदीचे गड्डे जूनमध्यें लागतात व आठ-नऊ महिन्यांनीं निघतात. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तीच ही हळद. परसांत तिची एक ओळ असली तरी घरास वर्षभर पुरते.

आतां या परिवाराची वंशावळ पाहूं. अलाबू म्हणजे दुध्या, कोशातकी म्हणजे दोडका, कारवेल्ल म्हणजे कारलें, कूष्माण्ड म्हणजे कोहळा, वार्ताक म्हणजे वांगें, निष्पाव म्हणजे वाल. हीं नांवें जुन्या वैद्यकग्रंथांत आहेत, आणि त्या नांवांची वस्तुही तीच आहे. न लावतां उगवणाऱ्या घोळ, तरोटा, कुर्डू व तांदुळजा या भाज्या याच जुन्या थरांत मोडतात. पावसाळी परस हा आपल्या बागेचा सर्वांत जुना थर होय.

त्याच मांडवावर लाल भोपळा चढलेला असतो. त्याचें नांव भोपळाच, पण कूळ अमेरिकेचें. दुध्याच्या नांवांत तो आयता येऊन बसला. घेवड्याची कथा अशीच. कोठें तें नांव वालाच्या जातीस लावतात, तर कोठें श्रावणघेवड्यास, जो अमेरिकेंतून आला. फुलांतही हेंच. सोनचाफा इकडचा, देवळाच्या ओट्यापाशीं पानें झडून उभा असणारा पांढरा चाफा अमेरिकेचा. लाल कण्हेर म्हणजे जुना करवीर. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, ती अमेरिकेची. न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी कर्दळही तिकडचीच. जाई, जुई व मोगरा मात्र जुन्या घरचीं आहेत.

दसऱ्यास फुलें हवीं असतील तर झेंडूचें बी आषाढांत टाकून रोपें श्रावणाच्या आरंभीं लावावीं. वांगीं व टमाटे यांच्या वाफ्याभोंवतीं झेंडू अवश्य असावा. मुळांस गांठी आणणारे सूक्ष्म कृमि त्यामुळें कमी होतात. झेंडूवांचून दसरा आपणांस आतां कल्पितांही येत नाहीं. परंतु झेंडू मेक्सिकोचा आहे. तेथील लोक मृतांच्या सणास त्याच पिवळ्या पाकळ्यांनीं वाट सजवितात. आपल्या दसऱ्याचीं जुनीं झाडें शमी व आपटा हीं होत. झेंडू आला, आणि कोणी आज्ञापत्र न काढतां तोरणावर चढला.

४. हिवाळा

हस्ताचा पाऊस सरला म्हणजे वेल उतरवावे, वाफे उकरून आठ दिवस उन्हांत तापूं द्यावे आणि मेथी, पालक, कोथिंबीर, चाकवत, मुळा व कांद्याचें रोप लावावें. मेथी एकदम न पेरतां दर पंधरवड्यास एक वाफा पेरावा. म्हणजे संक्रांतीपर्यंत कोंवळी भाजी मिळत राहते. टमाटे, कोबी, फुलकोबी व वाटाणा यांचाही हाच काळ. शेवंतीचे फुटवे मे-जूनमध्यें लावलेले असले तर कार्तिक-मार्गशीर्षांत फुलतात.

हिवाळी परसांत जुनें व नवें यांची सर्वांत दाट सरमिसळ आहे. मुळा म्हणजे मूलक, तो पुरातन. कोबी हें नांव पोर्तुगीज भाषेंतून आलें, बटाटा हेंही. फुलकोबी तर इंग्रजी अमदानींत, १८२२ च्या सुमारास, उत्तरेकडे सहारणपूरच्या सरकारी बागेच्या द्वारें या देशांत शिरली. टमाटे मूळचे अमेरिकेचे.

सणांचा क्रम पाहिला असतां या सरमिसळींतूनही जुना सांगाडा दिसतो. चातुर्मासांत वांगें वर्ज्य. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, खंडोबास भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुष्कळ घरीं तें पुन्हां सुरू होतें. पुष्यांत लावलेलें वांगें त्या सुमारास ऐन भरांत असतें. संक्रांतीच्या आदल्या दिवशीं भोगीची भाजी; तींत वांगीं, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरें, म्हणजे त्या आठवड्यांत परसांत व शिवारांत जें असेल तें सर्व. याच्या उलट उपवासाचें ताट पाहावें. बटाटा, रताळें, शेंगदाणा, राजगिरा, साबुदाणा ज्यापासून करतात तो कंद, आणि मिरची, यांतील प्रत्येक पदार्थ मूळचा अमेरिकेचा! जें परवां आलें तें पवित्र ठरलें आणि वांग्यासारखें पुरातन तें वर्ज्य. याचें कारण उघड आहे. निषेधाच्या याद्या तयार झाल्या तेव्हां हे पाहुणे आलेलेच नव्हते. म्हणून त्यांस कोणी नाकारलें नाहीं.

५. उन्हाळा

आमच्याकडे उन्हाळा हा फुलांचा व काटकसरीचा ऋतु आहे. मोगऱ्याचें पाणी मार्गशीर्षांत तोडावें, पौषांत छाटणी करावी, माघांत खत घालून पुन्हां पाणी सुरू करावें. म्हणजे चैत्र-वैशाखांत तो बहरतो. भाजींत थोडी घोळ, चवळी, काकडी व भेंडी एवढेंच ठेवावें. आळ्यांवर पालापाचोळ्याचा चार बोटें थर द्यावा. न्हाणीचें पाणी केळ, अळू व कर्दळ यांकडे, आणि धुण्याभांड्यांचें पाणी, फार साबण नसेल तर, वेलांकडे वळवावें. विहिरी आटण्याच्या दिवसांत घरच्या बायांनींच या मोरीच्या पाण्यावर परस जिवंत ठेवलें आहे. त्यांचें नांव कोणत्याही दप्तरांत नाहीं.

याच ऋतूंत बी राखावयाचें असतें. पहिल्या बहराचें, निरोगी वेलावरील फळ खुणेस दोरा बांधून वेलावरच वाळूं द्यावें. दोडका तसाच सालीसह टांगावा; दुध्या आढ्यास लटकवावा; वांग्याचें बी धुऊन, सुकवून, राखेंत मिसळून मडक्यांत ठेवावें; काकडीचें बी शेणाच्या गोळ्यांत घालून भिंतीस थापावें. राख व शेण यांमुळें कीड लागत नाहीं. मात्र संकरित बियाणाच्या फळाचें बी असें राखूं नये. त्याची पुढील पिढी एकसारखी निघत नाहीं. कांहीं झाडें आजोळावर जातात, कांहीं आजावर. आम्हीं एका दुकानांतून आणलेल्या टमाट्याचें बी हौसेनें राखलें. दुसऱ्या वर्षीं वाफ्यांत चार प्रकारचीं फळें आलीं, आणि त्यांपैकीं चांगलें एकही नव्हतें.

६. निर्णय

आतां बुवांच्या प्रश्नाकडे वळूं. अभंगांतील मिरचीचा उलगडा तीन प्रकारें करतां येईल.

पहिला प्रकार: मिरची या शब्दाचा अर्थ तेथें मिरी असा घ्यावा. मिरची हा शब्द संस्कृत मरीचाच्या वंशांतला आहे. तिखटपणाच्या साम्यानें तो नव्या फळास मिळाला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, राजाच्या पाकशाळेंतील तिखटपणा मिऱ्यांचा आहे. परंतु मिरीचा वेल पश्चिम घाटाच्या दमट छायेंत वाढतो. सावतोबांचें अरण माढें तालुक्यांत. त्या कोरड्या मुलखांतील मळ्यांत मिरीचा वेल कल्पितां येत नाहीं. अभंगांतील भाज्या तर सर्व मळ्यांतल्या आहेत.

दुसरा प्रकार: समग्र अभंग सोळाव्या शतकानंतरचा मानावा. हें अशक्य नाहीं. पण एका शब्दावरून एवढा निकाल देणें म्हणजे एका नव्या विटेवरून सारी भिंत नवी ठरविण्यासारखें आहे.

तिसरा प्रकार: अभंग मुखपरंपरेनें चालत आला, आणि गाणाऱ्यांच्या परसांत मिरची रुजली तेव्हां ती त्यांच्या ओठांवरही रुजली. पूर्वीं तेथें कोणता शब्द असेल तो असो. प्रत्येक पिढीनें आपल्या मळ्यांत दिसेल तेंच नांव घेतलें. आम्हांस हा तिसरा प्रकार ग्राह्य वाटतो. जें तोरणावर झेंडूनें केलें, मांडवावर लाल भोपळ्यानें केलें, तेंच अभंगांत मिरचीनें केलें.

यावरून संशोधकांसाठीं दोन नियम निघतात. एक: ग्रंथांत नवीन वनस्पतीचें नांव आढळलें तर त्या शब्दाचा काळ ठरतो, सबंध ग्रंथाचा नव्हे. दुसरा: जुन्या ग्रंथांत भोपळा, चाफा, कण्हेर असें नांव आढळलें म्हणून आजची तीच वस्तु तेथें होती असें समजूं नये. नांव व झाड या दोहोंची साक्ष निरनिराळी घ्यावी. भांडारकर संस्थेचे कै. प. कृ. गोडे (१८९१–१९६१) यांनीं तंबाखूसारख्या पदार्थांच्या इतिहासावरून ग्रंथांचे काळ तपासण्याची जी वाट घालून दिली, ती परसांतून जाते हें आम्हांस उशिरां समजलें.

७. उपसंहार

एक गोष्ट राहिली. शब्द बदलला तरी कागदावर त्याची खूण मागें राहते. बी गेलें कीं खूण राहत नाहीं. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें या गांवच्या राहीबाई पोपेरे यांस २०२० सालीं पद्मश्री मिळाली, ती गांवरान बियाणें जपल्याबद्दल. शाळेंत न गेलेल्या त्या बाईंनीं जें केलें तें आम्हां पढिकांस सुचलें नव्हतें. हस्तलिखित कसरीनें खाल्लें तर आपण हळहळतों. आणि आजीच्या मडक्यांतील वांग्याचें बी उकिरड्यावर टाकलें जातें, तेव्हां आपण तेथेंच उभे असतों.

म्हणून वाचकांस विनंति अशी कीं, घरीं पिढीजात चालत आलेलें एखादें बी असेल तर त्याचें घरगुती नांव, तें लावण्याचें नक्षत्र व तें कोणाच्या माहेराहून आलें, एवढ्या तीन गोष्टी लिहून ठेवाव्या आणि थोडें बी शेजारीं द्यावें. एका घरीं असलेली पोथी व एका घरीं असलेलें बी, दोहोंचा भरंवसा सारखाच.

हें टिपण लिहून झाल्यावर आम्हीं तें बुवांस वाचून दाखविलें. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकलें आणि विचारलें, "म्हणजे गुरुजी, अभंग खरा, आणि मिरची पाहुणी?" आम्हीं होय म्हटलें. "मग पाहुणीला काढून कसं द्यायचं?" असें म्हणून ते आंत गेले व आढ्याचा वाळलेला दुध्या काढून घेऊन आले. हलवितांच आंतलें बी खुळखुळलें. "हा आमच्या आजीच्या वेळचा," ते म्हणाले, "मृगांत लावा." त्याचें आळें आम्हीं खणून ठेविलें आहे.